कुठलं वॉर्निश, त्याआधी होडी कुठे आणि कशी ठेवता ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 14 फुटी वल्ह्याची होडी, सागवानी फळ्यांची बांधणी, आंजर्ल्याच्या बाजूला खाडीकाठच्या आवारात उभी असते. दिवाळीनंतर गावातल्या पॉलिशवाल्याकडून तिला आतून-बाहेरून क्लिअर पीयूचे, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात मारून घेतले. मे उजाडेपर्यंत काठाचे पोपडे निघाले, बसायच्या फळ्यांवर पांढुरके डाग पडले आणि खालचं लाकूड करडं दिसायला लागलं. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. उन्हाला टिकणारं वॉर्निश कुठलं, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) मारून एकदाचं मोकळं होता येईल का, आणि जुने लोक तेल लावायचे तेच बरं होतं का.

मी लाकडी होड्या दुरुस्त करण्याच्या आणि रंगवण्याच्या धंद्यात आहे. हा प्रश्न पावसाच्या तोंडावर दरवर्षी येतो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा डब्याचं नाव हवं असतं. डब्याबद्दलही सांगतो, पण तो या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. पारदर्शक थर, आडवी फळी आणि वर उघडं आभाळ हे तिन्ही एकत्र आलं की कोकणच्या उन्हात महागातलं वॉर्निशही वर्ष काढत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की होडीच्या कुठल्या भागावर ऊन पडू द्यायचं, कुठल्या भागावर नाही, आणि दरवर्षी किती मेहनत करायची तुमची तयारी आहे.

आधी पोपडे का निघाले ते बघू. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य म्हणजे लिग्निन. उन्हातले अतिनील किरण तेच शोषून घेतं आणि त्यापायी तुटतं. हे किरण फार खोल जात नाहीत, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच संपतात. पण वॉर्निशची पकड असते ती नेमकी त्याच पापुद्र्यावर. वॉर्निश पारदर्शक म्हणजे उजेड आत सोडणारं. त्यामुळे वरचा थर चकचकीत दिसत असतानाच खालची लाकडाची कातडी मरत असते, आणि एक दिवस थराला धरायला काही उरत नाही. 

तुम्हाला खात्री करायची असेल तर निघालेला एक पोपडा उलटा करून उजेडात बघा. आतल्या बाजूला लाकडाची बारीक करडी लव चिकटलेली असेल तर ते उन्हाचं काम. पाठ स्वच्छ, गुळगुळीत निघाली तर ऊन निमित्तमात्र. सागाचं अंगचं तेल न पुसता किंवा लाकूड ओलं असताना हात मारलेला आहे. तुमच्याकडे मला दोन्ही वाटतंय. काठावर लव सापडेल, बाकांवर नाही. ते पांढरे डाग म्हणजे थराखाली शिरलेला ओलावा. पॉलिशवाल्याला एकदा विचारा, खाली सँडिंग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, मारला होता का. घरातल्या फर्निचरला तो चालतो, पण होडीवर पाणी लागलं की तोच आधी पांढरा पडतो आणि वरच्या पीयूला घेऊन सुटतो.

एक गोष्ट मात्र धीराची. होडी खराब झालेली नाही. उघड्या लाकडाची उन्हापावसाने होणारी झीज शंभर वर्षांत काही मिलिमीटर इतकी मंद असते, आणि साग तर त्यातही चिवट. करडा पडलेला साग घासला की आतून पुन्हा पिवळसर तपकिरी निघतो. ऊन खातं ते वॉर्निश. होडीला खरा धोका दोन ठिकाणी असतो: फुटलेल्या थरातून आत गेलेलं आणि बाहेर न पडणारं पाणी, आणि उन्हाने आक्रसून उघडलेले फळ्यांचे सांधे.

आता आपल्याकडच्या उन्हाबद्दल. वॉर्निशच्या डब्यावर टिकाऊपणाच्या गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा थंड देशांतल्या अनुभवावर बेतलेल्या असतात. तिकडे सूर्य वर्षभर तिरका. आंजर्ल्याला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी नेमका डोक्यावर येतो, आणि जुलैअखेरीस ढगांआडून पुन्हा एकदा. म्हणजे आडव्या पृष्ठभागांवर, काठावर, बाकांवर, नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) वरच्या तोंडावर, तो सरळ वरून बसतो. होडीच्या उभ्या अंगाला त्या मानाने कमी मार लागतो, म्हणून तुमचं बाहेरचं वॉर्निश अजून बरं दिसतंय. त्यात कोरडी वाळू अंगावरचे किरण पंधरा टक्क्यांच्या आसपास परत फेकते, त्यामुळे काठाच्या खालच्या बाजूलाही सुटका नाही. पातळ ढगांतूनही बराच अतिनील उजेड खाली येतो. आणि तो नुसता सूर्याकडूनच येत नाही, सगळ्या आभाळातून विखरून येतो. झाडाच्या सावलीत होडी आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथे फसतात. माडाची सावली तर सावलीच नव्हे, ती दिवसभर फिरत असते, आणि वर नारळ पडायची भीती वेगळी.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे होडी झाकणं, आणि तुमच्या बाबतीत त्याहून सोपं काहीतरी आहे. 14 फुटी होडी चार माणसं उलटी करू शकतात. ती पाण्यात नसेल तेव्हा पालथीच ठेवा. दोन मजबूत घोड्यांवर किंवा जांभ्याच्या चिऱ्यांवर, जमिनीपासून हात-दीड हात वर, काठाखाली जुन्या टायरचे तुकडे घालून. बाक, आतल्या फळ्या, वांक (होडीच्या बरगड्या), सगळं आपोआप सावलीत जातं, पावसाचं पाणी आत साचत नाही आणि खालून वारा खेळतो. ऊन झेलायला उरतो तो बाहेरचा तळ आणि बाजू. तिथे वॉर्निश नकोच, तिथे रंग द्या.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल याची कल्पना आहे. सागाचे रेघारे दिसावेत म्हणून तर माणूस लाकडी होडी घेतो. पण आपल्या किनाऱ्यावर बघा. हर्णे बंदरातल्या लाकडी होड्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या ऑइलपेंटमध्ये असतात, ते नुसत्या हौसेपोटी नाही. रंगातली भुकटी उजेडाला आत जाऊच देत नाही. लाकडापर्यंत उजेड पोचला नाही की लिग्निन शाबूत, लिग्निन शाबूत की पकड शाबूत. त्याआधीच्या काळात तळाला डामर, काजूच्या टरफलांचं तेल, माशाचं तेल लागायचं. त्यातलं डामर आणि काजूचं तेल काळंकुट्टच असतं. चकचकीत पारदर्शक होडी ही हौशी लोकांच्या नौकांची रीत, आणि त्या नौकांच्या मागे पगारी माणूस ब्रश घेऊन उभा असतो.

म्हणून मी अशा होडीला सांगतो ते असं: बाहेरून रंग, तोही फिका. पांढरा, दुधी, फिका निळा. गडद रंगाची फळी मेच्या दुपारी इतकी तापते की हात टेकवत नाही, आणि तापली की वाळते, वाळली की सांधा उघडतो. आतला तळही रंगातच ठेवा, राखाडी चांगला, पायांची माती दिसत नाही. वॉर्निश राखून ठेवा बाकांना, काठाच्या पट्टीला, सुकाणूच्या दांड्याला आणि वल्ह्यांना. एवढ्यावर होडी लाकडी दिसते, आणि एवढं एका माणसाला शनिवार-रविवारी सांभाळता येतं. सगळी होडी वॉर्निशमध्येच हवी असेल तर तसंही होतं, मी करूनही देतो, पण मग ती छपराखालीच राहायला हवी. मधला मार्ग मला अजून दिसलेला नाही.

पालथी ठेवली तरी वर काहीतरी हवंच, कारण फळ्यांची होडी सतत उन्हात वाळणं बरं नाही. झापांचा मांडव उत्तम. तुमच्याकडे झावळ्यांना तोटा नसेल, विणणारं माणूस मात्र शोधावं लागेल. नसेल तर बांबूची चौकट आणि त्यावर रोपवाटिकेला लागतं ते शेडनेट, 90 टक्केवालं. ते शेतीच्या दुकानात मिळतं, वाऱ्याला अडत नाही आणि खाली दमटपणा धरत नाही. पावसाला त्यावर ताडपत्री टाकावी लागेल. 

होडी सुलटी ठेवायची वेळ आली तर फिक्या रंगाच्या जाड कॅनव्हासचं आवरण शिवून घ्या. मधोमध आडवा बांबू टाकून त्याला घराच्या आढ्यासारखा उतार द्या, बाजू काठाच्या खाली वीतभर उतरू द्या, पण पुढची आणि मागची तोंडं वाऱ्यासाठी उघडी ठेवा. कापड वॉर्निशला कुठेही टेकता कामा नये. वाऱ्यावर ते दिवसभर हलतं आणि सँडपेपरचं काम करतं. निळी प्लास्टिकची ताडपत्री थेट होडीवर गुंडाळणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आत घाम सुटतो, वॉर्निश पांढरं पडतं, आणि ती ताडपत्रीच एका उन्हाळ्यात भुगा होऊन होडीभर पसरते.

आता डबा. दुकानात मिळणारं साधं क्लिअर पीयू घरातल्या लाकडासाठी असतं, त्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्यं नसतात किंवा नावापुरती असतात. तुम्हाला हवं ते तेलाच्या आधाराचं, एका डब्यातलं मरीन किंवा स्पार वॉर्निश, ज्यावर अतिनील संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ते वाळल्यावरही थोडं लवचीक राहतं. फळ्यांची होडी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. थराला तिच्याबरोबर हलता आलं पाहिजे. दोन डब्यांचं पीयू कडक असतं, ओरखडे झेलतं, आणि त्यातलं अ‍ॅलिफॅटिक प्रकारचं उन्हात पिवळंही पडत नाही. प्लायवूडच्या किंवा पट्ट्या चिकटवून केलेल्या होडीवर मी तेच वापरतो. पण सुट्या फळ्यांवर नाही. सांध्यापाशी लाकूड हलतं, थर हलत नाही, केसाएवढी चीर पडते आणि पाणी तिथून आत शिरून थराखाली लांबवर पसरतं. मग दुरुस्ती म्हणजे सगळं खरवडणं.

कुठलंही घेतलं तरी एक लक्षात ठेवा. वॉर्निशमधली ती संरक्षक द्रव्यं कापरासारखी असतात, काम करता करता स्वतः संपत जातात. म्हणून थराची जाडी महत्त्वाची. एक हात वाळल्यावर साधारण 30 मायक्रॉनचा उरतो. तीन हातांत कोकणच्या उन्हाला पुरेल इतकी जाडी येत नाही. उघड्या लाकडावर सहा ते आठ हात हवेत. पहिला निम्मं थिनर घालून, दुसरा पाव भाग थिनरचा, त्यापुढचे डब्यातून येईल तसे. इथे थिनर म्हणजे त्या वॉर्निशसाठी सांगितलेला किंवा टर्पेंटाइन. फर्निचरवाल्यांचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर त्यात घालू नका, खालचा हात उचलून येतो.

हात मारण्याआधीची तयारी हीच खरी मजुरी. सुटलेलं वॉर्निश स्क्रेपरने काढा. हीट गन असेल तर काम हलकं होतं, मात्र सांध्यांतल्या भरणावर ती रोखू नका. कॉस्टिक सोडा लावून काढण्याच्या भानगडीत पडू नका, साग काळा पडतो. होडी आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या, कारण लाकडावर राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि सँडपेपरने ते आणखी आत रगडलं जातं. मग 80, 120, 180 नंबरच्या सँडपेपरने या क्रमाने, रेघाऱ्यांच्या दिशेने घासा, करडेपणाचा मागमूस जाईपर्यंत थांबू नका. करडी कातडी मेलेलीच आहे, तिच्यावर मारलेला हात तिच्याबरोबरच सुटणार. स्टीलवूल वापरू नका. त्याचे कण सागात रुततात आणि पहिल्या दमट आठवड्यात काळे ठिपके उमटतात.

घासून झालं की वेळ काढू नका. उघडं केलेलं लाकूड दोन-तीन आठवडे जरी उन्हात राहिलं तरी पकड कमी होते. साग असेल तर अ‍ॅसिटोनने किंवा थिनरने फडकं भिजवून पुसा, फडकं पिवळं येईनासं झालं की लगेच पहिला हात. काठाच्या धारदार कडा आधी घासून गोल करा, तीनेक मिलिमीटरची गोलाई पुरते. धारेवर वॉर्निश थांबतच नाही, आजूबाजूला ओघळून पातळ होतं, आणि पोपडा नेहमी तिथूनच सुरू होतो. फळ्यांच्या आडव्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त द्या, ती पाणी पितात.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत आपल्याकडे पहाटे दव पडतं, म्हणून दव उडाल्यावर, नऊ-साडेनऊनंतर सुरू करा आणि तीनपर्यंत ब्रश खाली ठेवा. संध्याकाळचं दव अर्ध्या ओल्या थरावर बसलं तर चकाकी जाते. आणि काम सावलीत करायचं. उन्हात वरची साय आधी धरते, आतलं थिनर फुगे करून बाहेर पडतं. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ जाऊ द्या, 320 च्या पेपरने हलकं घासा, धूळ ओलसर फडक्याने टिपा.

इपॉक्सी. तुमच्या होडीला नको. इपॉक्सी पाणी उत्तम अडवतं, पण उन्हात स्वतःच पिवळं पडतं आणि खडूसारखा भुगा होतं, त्यामुळे त्यावर वॉर्निश लागतंच. म्हणजे मेहनत वाचत नाही, वर वॉर्निश सांभाळायला चुकलं तर इपॉक्सी काढणं हे वॉर्निश काढण्याच्या कैकपट जिकिरीचं. प्लायवूडच्या होडीत त्याला अर्थ आहे, कारण ते लाकूड फारसं हलत नाही. सुट्या फळ्या इपॉक्सीत बंद केल्या तरी कुठून तरी ओलावा शिरतोच, आणि मग तो बाहेर पडत नाही.

तेलाचं उत्तर जरा अवघड आहे, कारण जुने लोक चुकीचे नव्हते. ते होडीला पोसण्यासाठी तेल द्यायचे: फळी तडकू नये, पाणी कमी प्यावी. त्यासाठी ते चालतं, पण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं आणि वास सहन करावा लागतो. उन्हापासून संरक्षण म्हणून जवसाचं तेल जवळपास काहीच करत नाही. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, धूळ धरतं, आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी वाढून साग काळपट होतो. ज्याला दर दोन-तीन महिन्यांनी घासून तेल द्यायची हौस आहे त्याने खुशाल द्यावं. फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा तारेवर एकेक सुटं वाळत घाला.

आणि काहीच न लावता साग करडा होऊ द्यायचा, हाही पर्याय आहे हे कुणी सांगत नाही. पायाखालच्या फळ्यांना मी बरेचदा तेच सुचवतो. घसरत नाही, सोलत नाही, वर्षातून एकदा गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतलं की झालं.

एकदा नीट आठ हात बसले की पुढचं सगळं वेळेवर आहे. होडी पालथी आणि सावलीत राहत असेल तर पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा हलकं घासून दोन हात पुरतात. उघड्यावर राहत असेल तर तेच दोनदा, नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्च लागण्याआधी. रोज पर्यटकांना फिरवणारी, कायम पाण्यात बांधलेली होडी असेल तर याहूनही लवकर, आणि मग रंगच शहाणपणाचा. पोपडा दिसायची वाट बघू नका. बाकावर पाणी टाका. थेंब धरून बसले तर ठीक. पसरून सपाट झाले, किंवा आडव्या भागाची चकाकी उभ्या भागापेक्षा मंद दिसली, की हात द्यायची वेळ झाली. खडा लागून टवका उडाला तर त्याच आठवड्यात तेवढ्यापुरता ब्रश फिरवा. पाऊण तासाचं काम टाळलं की ते वर्षाअखेर चार दिवसांचं होतं.

सध्याचं सांगायचं तर मे संपत आलाय, आत्ता होडी खरवडायला घेऊ नका. आठ हात वाळायला हवा तो कोरडा काळ आता हातात नाही. सुटे पोपडे तेवढे काढा, उघड्या पडलेल्या जागी पातळ केलेल्या वॉर्निशचे दोन हात तात्पुरते द्या, आणि होडी पालथी करून छपराखाली घाला. पावसात सांधे फुगून मिटतील, पण ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा उघडतील, तेव्हा दिवाळीनंतर काम सुरू करताना आधी सांधे तपासा आणि पाण्यात सोडताना दोन दिवस उथळ पाण्यात बुडवून फळ्या फुगू द्या. त्या पोपड्याच्या पाठीचा फोटो टाका, आणि बाकांखालची बाजू कशी दिसते तेही सांगा. ती बाजू अजून चांगली असेल तर तिथलं वॉर्निश काढायची गरज नाही, नुसतं घासून वर हात देता येतील. मांडवासाठी बांबू मात्र याच आठवड्यात आणून ठेवा, पाऊस सुरू झाला की मांडव घालणारी माणसं मिळत नाहीत.